खुनी कोण ते हात्सुएला ठाऊक होतं

पहाटे चार वाजता किन्जी होन्माचा दिवस सुरू व्हायचा. घड्याळाचा गजर त्याला ऐकू यायचा नाही, म्हणून त्याची बायको हात्सुए अंथरुणातूनच त्याच्या पोटरीवर टाच मारायची. तो उठून दारापुढचं बर्फ ओढायचा, भातावर गरम चहा ओतून खायचा आणि अंधारातच कामावर यायचा. काम म्हणजे मालक यामागिशींच्या घरामागची पत्र्याची शेड. जपानातल्या आमच्या त्सुबामे गावात अशा शेडी गल्लोगल्ली आहेत. कुणी पत्रा कापतं, कुणी ठोकून चमचे-किटल्या करतं. आम्ही त्याला चकाकी आणायचो.

माझं बफचं, म्हणजे घासून चकाकी आणायचं, चाक किन्जीच्या शेजारी होतं. शेडमधलं लिहितो ते मी पाहिलेलं. घरातलं हात्सुएने सांगितलेलं, आणि ती काही झाकून सांगणारी बाई नव्हे.

पॉलिशचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. चाक फिरतंय, वस्तू टेकवायची, झालं. पण टेकवणं हातांनी होत नाही. ते कमरेतून होतं. एक पाय पुढे, गुडघा थोडा वाकलेला, अंगाचा भार अंगठ्यांवर, आणि दिवसभर तसंच उभं राहायचं. भार जरा कमी झाला तर डाग राहतो, जरा जास्त झाला तर धातू निळा पडतो. चाकाची काळी भुकटी नाकातोंडात जाते. संध्याकाळी बोटं मिटलेली ती मिटलेलीच राहतात, एका हाताने दुसऱ्या हाताची सोडवावी लागतात. थंडीत ती पांढरी पडतात आणि मग त्यांना गरम-गार काही कळत नाही. किन्जीने हे काम शाळा सुटल्यापासून केलं. त्याने चकाकी दिलेल्या चमच्यात मी माझी दाढी बघितलेली आहे.

कान जाणं ही आमच्याकडे लाजेची गोष्ट नव्हती. चाकांचा आवाज आणि भुकटी ओढणाऱ्या पंख्याचा आवाज, दोन्ही मिळून कुणाचेही कान खातात. मालक म्हणायचे, "ज्याला स्पष्ट ऐकू येतं तो अजून कच्चा." त्यांना स्वतःला डाव्या कानाने काहीच ऐकू यायचं नाही आणि उजव्याने सोयीपुरतं.

पण किन्जीचं फारच झालं होतं. सकाळी आणि दुपारी चहाची सुट्टी असायची, तेव्हा चाकं थांबायची. माल कागदात गुंडाळणारी नोबु चहा ओतायची आणि गावातल्या कुणाची तरी नक्कल करायची. आम्ही हसायचो. किन्जी आमच्या तोंडांकडे बघून जरा उशिरा हसायचा. मग विचारायचा, "काय म्हणाली?" विनोद दुसऱ्यांदा सांगितला की शिळा होतो, आणि ओरडून सांगितला की भांडण वाटतं. पुढेपुढे त्याने विचारणं सोडलं, मग हसणंही. भिंतीकडे तोंड करून तो चहा प्यायचा. आम्हीही त्याला तसं पिऊ दिलं. थकलेल्या माणसांना दुसऱ्याच्या कानात ओरडायचं जिवावर येतं.

घरी हात्सुएला ते असं सोडून देता येत नव्हतं. ती म्हणायची, "अहो, कानाचं मशीन घ्या."

"ते म्हाताऱ्यांचं."

"मग तुम्ही कोण?"

"मी कामावर जातो," किन्जी म्हणायचा. त्याच्या मते हे उत्तर पुरेसं होतं.

रविवारी तो पाचिंकोच्या, म्हणजे गोळ्या उडवायच्या जुगाराच्या, हॉलमध्ये बसायचा. तिथे लोखंडी गोळ्यांचा एवढा गदारोळ असतो की सगळेच बहिरे. कुणी कुणाला काही विचारत नाही. मला वाटतं, त्याला खेळापेक्षा तेच आवडायचं. एका रविवारी गोळ्या बऱ्या जमल्या. बक्षिसांच्या खिडकीवर त्याची नेहमीची सिगारेट संपली होती. तिथल्या बाईने त्याऐवजी पुस्तकासारखं उघडणारं, हातात मावणारं खेळाचं यंत्र पुढे सरकवलं. आत एक गुप्तहेराचा खेळ घातलेला होता. बाई काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, म्हणून तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि एकाएकी मोठ्याने हसला. ते हसणं आम्ही विसरलो होतो. नोबुच्या हातातली किटली हलली.

"काय झालं यांना?" ती म्हणाली. मग जाऊन तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने यंत्र तिच्यापुढे धरलं. वर चित्र, खाली लिहिलेलं बोलणं.

"चष्मा नाही माझा. वाचा की," नोबु तोंडापुढे वाचल्याची खूण करत म्हणाली.

किन्जीने वाचलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो पार रस्त्यापर्यंत जाईल असं वाचायचा.

खेळातली गोष्ट गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या एका खानावळीची होती, जिथे लोक अंघोळीला आणि मुक्कामाला येतात. खानावळीचा मालक मोठ्या टबात मेलेला सापडतो. तपासाला येतो तो गुप्तहेर दोन्गुरी. लठ्ठ आणि कायम भुकेला. "रिकाम्या पोटी मला सगळेच निर्दोष दिसतात," तो म्हणतो, "आधी काहीतरी वाढा." त्याच्याबरोबर एक फौजदार असतो. कुणी कबुली देऊ लागलं की त्यालाच रडू फुटतं, आणि आरोपीला त्याचे डोळे पुसावे लागतात. मेलेल्याची बायको ओसोमे. दोन्गुरी तिला विचारतो, "नवरा गेल्याचं दुःख झालं का?" ती म्हणते, "झालं तर. आता टबातलं सगळं पाणी बदलावं लागणार."

पण किन्जीचा जीव जडला होता तामेझोवर. तामेझो म्हणजे खानावळीत गिऱ्हाइकांच्या पाठी चोळणारा म्हातारा गडी. त्याची स्वतःची कंबर दुखायची आणि प्रत्येक प्रश्नाला तो कमरेचंच उत्तर द्यायचा.

"खून झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"कमरेत होतो, साहेब."

"कमरेत?"

"कमरेत कळ होती, त्या कळेत होतो. बाकी जगात काय चाललंय ते मला कळलं नाही."

हे वाचताना किन्जी स्वतः कमरेवर हात ठेवून वाकला. मालक चहा ओढत होते, त्यांना ठसका लागला. "हा आपला माणूस आहे," मालक म्हणाले. "याला कामावर ठेवा."

त्या दिवसापासून दुपारचा चहा किन्जीचा झाला. तो वाचायचा, आम्ही ऐकायचो. दोन्गुरीचा आवाज तो पोटातून काढायचा, ओसोमेचा नाकातून. नोबुने नकला बंद केल्या आणि त्याच्यासमोर उकिडवी बसू लागली. कुणाला काय विचारायचं, कुठला दरवाजा उघडायचा, यावर वाद व्हायचे. नोबुचा संशय ओसोमेवर. मालकांचा रडक्या फौजदारावर. "एवढं रडतो त्याच्या पोटात काहीतरी आहे," ते म्हणायचे. मी संशय सांगितला नाही, कारण रोज बदलायचा. आमचं ठरलं होतं की घरी कुणी पुढे जायचं नाही. किन्जीने शब्द दिला आणि पाळला. घरी तो झालेलंच पुन्हा वाचायचा.

एकदा मी त्याला विचारलं, कानाशी तोंड नेऊन, "टीव्ही बघत नाहीस, मग यात एवढं काय?"

तो म्हणाला, "टीव्हीतली माणसं बोलतात आणि निघून जातात. ही थांबतात. मी बटण दाबेपर्यंत तोंड उघडं ठेवून उभी राहतात."

हात्सुएला हे सगळं कसं वाटलं ते मी खारवलेला मासा द्यायला तिच्याकडे गेलो तेव्हा कळलं. किन्जी गोधडी घातलेल्या गरम टेबलाखाली पाय घालून बसला होता आणि हसत होता.

"बघा," ती मला म्हणाली. "त्या डबीतल्या बाईचं सगळं ऐकू येतं यांना. तिचा नवरा मेलाय, तिला फावला वेळ आहे. माझा जिवंत आहे तर मी भिंतीशी बोलते." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो! मासा आलाय!"

"हो, हो," किन्जी वर न बघता म्हणाला. "लावून घे दार."

ती हसली नाही. "परवा मी दिवसभर काही बोलले नाही," ती म्हणाली. "बघावं म्हटलं. यांना पत्ताच नाही. रात्री झोपताना मला म्हणाले, आज बरा गेला दिवस." तिने मासा मिठासकट सिंकमध्ये ठेवला. "एकदा बोलायचं थांबले की मला पुन्हा सुरू करता यायचं नाही. मी ओळखते मला."

मी निघालो.

मग मार्गशीर्षातली थंडी आली आणि खेळ शेवटाला आला. दोन्गुरीने सगळ्यांना टबाच्या खोलीत जमवलं होतं. रोजच्या भुकटीने आणि यंत्राबरोबर मिळालेल्या, पडद्यावर टेकवायच्या काडीने त्यावर एवढे ओरखडे पडले होते की बारीक अक्षर लागत नव्हतं. किन्जी ते वाकडं करून, तिरपं करून बघायचा. पॉलिशवाल्याच्या हातात ओरखडा असलेली वस्तू देऊन त्याला शांत बस म्हणणं म्हणजे मांजरापुढे मासा ठेवून जप करायला सांगणं. एका सकाळी बाकीची चाकं सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्यात मऊ कापडी बफ चढवला, त्याला पांढरा साबण लावला आणि यंत्राचं झाकण उघडून पडदा टेकवला.

त्याची पकड मी बघितली. चांगली होती. भार थोडा, सरकता. पण ते प्लास्टिक होतं. स्टील तापतं तेव्हा बोटांना कळतं आणि चाक जास्त चावू लागलं की त्याचा सूर बदलतो. किन्जीची बोटं त्या थंडीत पांढरी पडलेली होती, आणि सूर त्याला ऐकू येत नव्हता. मला आला. मी ओरडलो. तेही त्याला ऐकू आलं नाही. मी जाऊन त्याचा दंड ओढेपर्यंत पडदा दुधाळ झाला होता.

त्याने तो उजेडात धरला. मग बाहीने पुसला. मग पुन्हा धरला.

"जळला," तो म्हणाला.

मालकांनी बघितलं, नोबुने बघितलं. त्याच्या हातून माल जळालेला आम्ही कधी पाहिला नव्हता. दुपारी नोबुने चहा ओतला आणि किन्जी भिंतीकडे वळला.

संध्याकाळी त्याने यंत्र हात्सुएपुढे ठेवलं. ती ते बघून हसू लागली. पुष्कळ हसली, पदर नसल्यामुळे ॲप्रनने डोळे पुसले. मग शांतपणे काहीतरी बोलली.

"काय?" किन्जी म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं नाही. हळूहळू त्याला उलगडलं. त्या खेळात तीन जणांना आपापला तपास वेगळा ठेवायची सोय होती. रविवारी किन्जी पाचिंकोला गेला की हात्सुए स्वतःचा तपास चालवत होती. तिला शेवट माहीत होता. तिने खुन्याचं नाव सांगितलं होतं, नेहमीच्या आवाजात, एकदा.

"कोण?" तो म्हणाला.

हात्सुएने स्वतःच्या कानावर बोट ठेवलं.

त्याने कागद आणि पेन्सिल आणून तिच्यापुढे ठेवली. तिने नीट बसून लिहिलं. त्याने घाईघाईने वाचलं. लिहिलं होतं: मुळा, टोफू, दिव्याची काडेपेटी.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हे कळल्यावर नोबु जेवणाच्या सुट्टीत तडक त्यांच्या घरी गेली. आली ती हात हलवत. "सांगत नाही बाई. म्हणते, आधी नवऱ्याला, मग गावाला. आणि नवऱ्याला कानानेच."

मालक म्हणाले, "दुसरं यंत्र घे ना. खेळ आतला शाबूत असेल. ग्लासांचे पैसे येतील तुझे."

वर्षअखेरीला बिअरच्या स्टीलच्या ग्लासांचं काम यायचं. बाहेरून कुणीही करतो. आतून करायचं कुणाला नको असतं. बारीक बफ दांड्यावर लावून ग्लासच्या तोंडातून आत घालायचा. हात आखडतो, दिसत काही नाही, आणि सगळी भुकटी थेट तोंडावर येते. त्याची मजुरी नगावर आणि वेगळी मिळायची. त्या हिवाळ्यात आतली सगळी कामं किन्जीने मागून घेतली होती. त्याने मालकांच्या बोलण्यावर मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं.

घरी त्याने ते हात्सुएला सांगितलं. ती त्याच्यासमोर येऊन बसली, म्हणजे तोंड दिसावं. तिने एकेक शब्द सुटा केला.

"ग्लास तुमचे. पैसे तुमचे. डबी आणा, नाहीतर कान आणा. डबी आणलीत तर तिच्याशीच बोला. मी थांबले."

हे त्याला ऐकू आलं. सगळं.

तो बरेच दिवस ग्लासमागून ग्लास आतून घासत राहिला. संध्याकाळी त्याचं तोंड एवढं काळं व्हायचं की फक्त डोळ्यांतलं पांढरं दिसायचं. एकदा चरबी तरंगणारी जाड शेवयांची रामेन मागवली होती, ती खाताना तो मला म्हणाला, "कानाचं मशीन लावून शेडमध्ये कसा येऊ? लोक म्हणतील, होन्मा संपला."

मी वाडग्यात बघत म्हणालो, "होन्माने पडदा जाळला तेव्हाच म्हणाले."

त्याने ते ऐकलं की ओठांवरून वाचलं, ते मला माहीत नाही. त्याने रस्सा शेवटपर्यंत प्यायला, वाडगा खाली ठेवला आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सोडवत बसला.

वर्षाचं काम संपलं त्या दिवशी शेड धुतली, चाकांवर कापडं टाकली आणि मालकांनी मजुरी दिली. किन्जीने पाकीट खिशात घातलं आणि मला म्हणाला, "गाडी काढ. शहरात जाऊ." खेळांचं दुकान आणि कानांचं दुकान एकाच रस्त्यावर आहे. मी विचारलं नाही. खेळांच्या दुकानाशी त्याने मला थांब म्हटलं नाही, म्हणून मी पुढे गेलो.

कानाच्या दुकानातल्या मुलीने त्याला पुष्कळ वेळ शिट्या ऐकवल्या. दोन्ही कानांना घ्यावं लागेल, ती म्हणाली. त्याने पाकीट जसंच्या तसं टेबलावर ठेवलं. परत येताना गाडीत तो आपली बाही कानाजवळ नेऊन चोळत होता. "कापड वाजतं," तो म्हणाला.

हात्सुए स्वयंपाकघरात मुळा किसत होती, आमच्याकडे पाठ करून. "आलात? पाय पुसा," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे.

किन्जीने पाय पुसले.

किसणी थांबली. ती वळली. त्याच्या कानांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बसा, चहा ठेवते," ती म्हणाली.

"तुझा आवाज म्हातारा झाला गं," किन्जी म्हणाला. "माझ्या डोक्यात जुनाच होता."

"तुमच्याशी ओरडून झाला."

आम्ही गरम टेबलाखाली पाय घातले. ती चहा घेऊन आली, बसली आणि कप सरकवत, जसं मीठ दे म्हणावं तसं म्हणाली, "तामेझो."

"काय तामेझो?"

"त्यानेच मारला."

"हॅ!" किन्जीने टेबलावर हात आपटला आणि त्या आवाजाने स्वतःच दचकला. "ज्याला कंबर सरळ करता येत नाही, तो एवढा माणूस उचलून टबात टाकेल?"

"टाकला कुठे? मालक टबातच बसलेला. हा त्याची पाठ चोळायला गेला. रोजचं काम त्याचं."

"पण कंबर..."

"दुखते असं तो सांगायचा. सांगतात लोक. तुम्ही नाही का, कचरा टाकून या म्हटलं की तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी चहात बघत राहिलो. किन्जीने मान हलवली. "नाही पटत. एवढा गमतीदार माणूस. कशासाठी मारेल?"

"शेवटी सांगतो ना तो," हात्सुए म्हणाली. "दोन्गुरी विचारतो, का मारलंस? तो म्हणतो, जन्मभर यांच्या पाठी चोळल्या. माझी कंबर दुखते हे सगळ्या खानावळीला माहीत होतं, सगळे हसायचे. मालकाने एकदासुद्धा म्हटलं नाही, तामेझो, आज बस."

किन्जीने बोटं सोडवली, मग पुन्हा मिटली. बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडलं आणि त्याने तिकडे मान वळवली.

"मग बरोबर केलं त्याने," तो म्हणाला.

"अहो, खून केला."

"तरी."

"तरी काय तरी? ओसोमेचं काय चुकलं होतं?"

"ती तरी कुठे म्हणाली, बस म्हणून? तीही मालकीणच."

"तिला कोण म्हणालं होतं बस? सकाळपासून तीही उभीच."

मी उठलो. त्यांनी बघितलं नाही. दारात बसून बूट चढवताना आतलं भांडण कागदी दारातून येत होतं, तो तामेझोच्या बाजूने, ती ओसोमेच्या. कुणी ओरडत नव्हतं, आणि कुणी काय म्हणून विचारत नव्हतं. त्या हिवाळ्यातल्या ग्लासांची सगळी मजुरी त्यात गेली होती.